बेटावरच्या गाडीची दुसरी किल्ली

आमच्या घरात कुठल्याही कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. असं कुणी ठरवलेलं नाही, पण लग्न होऊन आले तेव्हापासून चालत आलंय. ह्यांच्या स्कूटरची, कपाटाची, गच्चीच्या दाराची, एवढंच काय, समोरच्या बंद फ्लॅटचीसुद्धा. फ्रिजच्या बाजूला भिंतीवर एक लाकडी पट्टी आहे, तिच्या खिळ्यांवर सगळ्या लटकतात. मुलानं सिंगापूरला नवी कोरी गाडी घेतली आणि पुढच्या दिवाळीला नाशिकला आला, तेव्हा बूट काढायच्या आधी खिशातून किल्ली काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली. "घे, ही तुझी."

"अरे येड्या," मी म्हटलं, "गाडी तिकडे, किल्ली इकडे. उद्या तुझी हरवली तर मी काय विमानानं आणून देऊ?"

"दे की. त्या निमित्तानं येशील तरी."

मी काही गेले नाही. पासपोर्ट काढला, तो कपाटात पडून राहिला. दर वर्षी काही ना काही निघायचं, कधी ह्यांचा मोतीबिंदू, कधी माझा गुडघा. ती गाडी मी फक्त फोटोत पाहिली. पांढरी, चार दारांची, आपल्याकडे रस्त्यावर ढिगानं दिसतात तशीच. तरी तिची किल्ली पट्टीच्या मधल्या खिळ्यावर असायची आणि पोळ्या लाटताना माझी नजर तिच्यावर जायची. जाड काळं प्लॅस्टिक, त्यावर दोन बटणं, कोपऱ्यात बारीकसा दिवा. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा. सुरुवातीला मी उगाच दाबून बघायची. मुलगा चिडवायचा, "आई, इथे तळघरात गाडी दचकते, नको दाबूस."

मुलगा यंदा आषाढात गेला. ऑफिसात, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. हार्ट अटॅक. पुढचं सगळं रीतसर झालं. सून अस्थी घेऊन आली, विसर्जन झालं, तेरावं झालं, माणसं आली, जेवली, गेली. मला काही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू? दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग आपलाच ओठ आपल्याला जाणवत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. बायका येऊन मांडीवर हात ठेवून म्हणायच्या, "रडून घ्या हो, मोकळ्या व्हा." मी म्हणायची, "चहा घेणार का?" एकीनं तर माझ्यादेखत ह्यांना सांगितलं की काहीही करा पण हिला रडवा. जशी काही मी पाळण्यातली पोर!

सून देवळाली कॅम्पातली. वडील तोफखान्यात होते, घरात लहानपणापासून शिस्त, उठल्या उठल्या अंथरुणाची घडी. कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय करणार नाही, आणि विचारताना आवाज कायम एका पट्टीत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या दोघींचं बोलणं "आई, कुकर लावू का?" "लाव" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही, आणि माया म्हणावी तर तीही नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नातवंडाच्या निमित्तानंही जवळ येणं झालं नाही. तेराव्यापर्यंत ती माझ्यासमोर होती आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माझ्या मनात आलं, दगडाची आहे ही पोरगी. माझ्याकडे बघून तिलाही तेच वाटलं असणार. मग ती परत गेली, तिकडे नोकरी होती तिची. दारात वाकून नमस्कार केला, मी "नीट जा" म्हटलं. बास, एवढंच.

दसरा आला. वर्षाच्या आत आमच्याकडे सण करत नाहीत, तोरण नाही, गोडधोड नाही. पण इथे त्या किल्लीचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी एसटीच्या डेपोत क्लार्क होते. दसऱ्याला डेपोतल्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या असायच्या. नारळ, लिंबू, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. पूजा न करता गाडी रस्त्यावर काढायची हे मला पटतच नाही. त्यामुळे मुलानं गाडी घेतल्याचं सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न केला, "नारळ फोडलास का?"

"आई, इथे पार्किंगमध्ये नारळ फोडला तर दंड करतील. आणि फरशी मलाच पुसायला लावतील. तू तिथूनच काय ते कर."

मग मी इथूनच करत आले. दसऱ्याला सकाळी किल्ली ताम्हनात ठेवायची, पळीभर पाणी घालायचं, वर पंचामृत, पुन्हा पाणी. पदरानं पुसायची. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आपट्याचं पान, आणि निरांजनानं ओवाळायचं. हे हसायचे. म्हणायचे, "आता तिला नैवेद्यही दाखव." मी दाखवायची! फोटो काढून मुलाला पाठवायची आणि त्याचं उत्तर यायचं, "गाडी म्हणतेय, थँक्यू."

या वर्षी करायचं नव्हतं. पण आमची नेहमीची फुलवाली, मखमलाबादकडची, सवयीनं झेंडू देऊन गेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फुलं ओट्यावर होती, ताम्हन समोर होतं, आणि माझा हात आपोआप पट्टीकडे गेला. किल्ली काढली, पाणी घातलं, कुंकू लावलं. ह्यांनी दारातून पाहिलं आणि बाहेर जाऊन बसले. मी फोटो काढला. मुलाच्या नावावर पाठवलासुद्धा. एकच टिक आली. फोन बंद होता त्याचा, तिकडे सुनेच्या कपाटात. मी माझा फोन पालथा ठेवला आणि मेथी निवडायला बसले. तेव्हाही काही वाटलं नाही.

दिवाळी होऊन गेली आणि सुनेचा फोन आला.

त्या बेटाचा एक कायदा आहे. बेट एवढंसं, रस्ते तेवढेच, म्हणून तिथे गाडी रस्त्यावर ठेवायचा परवाना दहाच वर्षांचा मिळतो. दहा वर्षं भरली की पुन्हा भलामोठा खर्च करून परवाना वाढवा, नाहीतर गाडी काढून टाका. काढायची म्हणजे एक तर मोडीत, नाहीतर जहाजात घालून दुसऱ्या देशात. धुतलेल्या, पुसलेल्या, चांगल्या चालत्या गाड्या तिथून जहाजं भरभरून बाहेर जातात. मुलगा मागे सांगायचा, "आई, आपल्याकडे ज्या गाडीला लोक अजून नवी म्हणतील ना, ती इथे हद्दपार." त्याच्याच गाडीची दहा वर्षं आता मार्गशीर्षात भरत होती.

"आई," सून म्हणाली, "परवाना वाढवणं मला झेपणार नाही. आणि मी गाडी चालवतही नाही. गाड्या बाहेर पाठवणारा एक जण आहे, तो घ्यायला तयार आहे. तुम्हाला आणि बाबांना विचारल्याशिवाय मी हो म्हटलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "चांगली धडधाकट गाडी, आणि दहा वर्षं झाली म्हणून हाकलून द्यायची? कसला मेला कायदा हा!"

"हो आई."

"कुठे जाणार?"

"आफ्रिकेत कुठेतरी. अजून नक्की नाही. जो घेईल तो."

जो घेईल तो! राग आला, पण आला तसा गेलाही. फोन ठेवेपर्यंत पुन्हा सगळं सपाट झालं. मी ह्यांना सांगितलं आणि कणीक मळायला घेतली.

ह्यांनी मात्र ते फार मनावर घेतलं. हे सातपूरच्या कारखान्यात टर्नर होते. बोलणं कमी, हात सतत कशात तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खाली पार्किंगमध्ये टेप धरून वाकलेले. मी गॅलरीतून ओरडले, "अहो, काय चाललंय?"

"आपली स्कूटर भिंतीला लावली तर बसते," ते वर बघून म्हणाले.

"काय बसतं?"

"त्याची गाडी. आफ्रिकेत जाते तर नाशकात यायला काय झालं?"

आषाढापासून त्यांचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा झाला होता, त्यात पहिल्यांदाच जीव दिसला. मी जिना उतरून खाली गेले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

द्वारका चौकाजवळ जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे, ह्यांच्या कारखान्यातल्या मित्राचा भाऊ. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं, मग म्हणाला, "काका, सगळ्या जगात जाईल ती, पण आपल्याकडे नाही येणार. बाहेरची इतकी जुनी गाडी आपल्याकडे आतच घेत नाहीत."

"मला विकायची नाहीये ती," हे म्हणाले. "चालवायचीही नाही. नुसती उभी ठेवीन."

"नुसती उभी ठेवायलासुद्धा नाही, काका."

हे बराच वेळ मान हलवत राहिले. बाहेर ट्रकचे हॉर्न चालू होते, त्या व्यापाऱ्याला दुसरी गिऱ्हाइकं आली, तरी हे उठेनात. शेवटी मी त्यांच्या दंडाला धरलं. परत येताना रिक्षात म्हणाले, "टेप विसरलो त्याच्याकडे." मी म्हटलं, "राहू दे."

सुनेला ह्यांनीच फोन करून सांगितलं, गाडी देऊन टाक. आणि मग चार दिवसांनी किल्लीचा विषय निघाला. त्या वेळी तिनं फोन मला केला.

"आई, गाडी यार्डात सोडायचा दिवस ठरलाय. तिथून ती लोकं चालवत जहाजावर चढवतात. त्यासाठी त्यांना चालणारी चावी द्यावी लागते. एक पुरते. माझ्याकडे त्याची आहे. त्या दिवशी खिशात होती ना, ती. हॉस्पिटलनं पिशवीत घालून दिली मला. तुमच्याकडची तुम्ही पाठवाल का? म्हणजे ती देता येईल. मला ही ठेवायची आहे."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं, आणि मागितलं काय तर तेच. मी म्हटलं, "बघते."

माझं बघते म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. फोन ठेवला आणि मी पट्टीपुढे जाऊन उभी राहिले. तिच्याकडे काय नाही? त्याचे शर्ट तिच्याकडे, चष्मा तिच्याकडे, दाढीचं सामान, उशी, चपला, अख्खं घर त्याच्या वस्तूंनी भरलेलं. माझ्याकडे काय? शाळेचे दाखले आणि कॉलेजात असताना आखूड झालेला एक स्वेटर. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या हातात ठेवलेली ही एकच वस्तू, आणि तीही हिला हवी! तिचा राग यायला हवा होता मला. तोही धड येत नव्हता. एवढंच कळत होतं की मी देणार नाही.

हे जेवताना म्हणाले, "पाठवून दे तिला. पोर मागतेय."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"जहाज काही आपल्यासाठी थांबणार नाही गं."

"मग जाऊ दे की! तिची किल्ली देऊन जाऊ दे. आहे ना तिच्याकडे एक?"

हे पानावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत. भाताचं शीत न् शीत गोळा करत बसले. आमच्यात अबोलाच झाला म्हणायचा, पण तसाही आम्ही कुठे फार बोलत होतो? टीव्हीवर बातम्या लागायच्या, त्या संपायच्या.

सून काही पुन्हा मागेना. तिनं तगादा लावला असता तर मी भांडले असते, चार शब्द सुनावले असते, विषय संपला असता. पण नाही, गप्प. रोज संध्याकाळी "तब्येत बरी आहे ना आई?" एवढा मेसेज. शेवटी माझी मीच कंटाळले. पाठवावी बाई एकदाची, असं वाटलं. मायेनं वगैरे नाही. डोक्यामागे काहीतरी अडकून राहतं ते नको झालं म्हणून.

आता पाठवायची तर वस्तू धड पाठवावी, ही माझी सवय. म्हणून किल्ली खिळ्यावरून काढली आणि बटण दाबलं. दिवा लागेना. दुसरं दाबलं, तरी नाही. सेल संपला असेल म्हणून द्वारकेला गेले. तिथे पुलाच्या अलीकडे गाड्यांच्या किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आहे. त्यानं बारीक पेचकस फटीत घालून किल्ली उघडली आणि थांबला.

"काकू, हिच्यावर तिखट सांडलं होतं का?"

"कुंकू आहे ते."

"कुंकू?" त्यानं आत फुंकर मारली. तांदळाचा एक दाणा उडून त्याच्या टेबलावर पडला. "आणि हे पिवळं?"

"हळद. पाणीही गेलं असेल. दूध, दही, तूप, मध, साखर."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हातारी थट्टा करतेय की काय, असं वाटलं असेल त्याला.

"पूजा करते मी तिची," मी म्हटलं. "दर दसऱ्याला."

"अहो काकू, पूजा गाडीची करतात!"

"गाडी सिंगापूरला आहे."

त्यानं नवा सेल घालून पाहिला, दोन ठिकाणी खरवडून पाहिलं, कसलं तरी यंत्र लावून पाहिलं. आतली पट्टी हिरवी पडली होती, वरून मधाचा चिकटा. मला आपलं वाटायचं, किल्ली म्हणजे लोखंड. आत एवढं नाजूक काही असतं हे मला कुणी सांगितलंच नाही, आणि मुलगा वर्षानुवर्षं फोटो बघून हसत राहिला. त्याला तरी कुठे ठाऊक असणार, मी तिला पार अंघोळ घालते म्हणून? फोटोत फूलच दिसायचं.

"मेली ही," किल्लीवाला म्हणाला. "दार उघडेल हिनं, पण इंजिन सुरू व्हायचं नाही. नवीन होते, पण गाडी समोर पाहिजे." सेल काढून घेऊन, दोन्ही तुकडे जुळवून त्यानं किल्ली परत माझ्या हातात दिली.

मी रिक्षात बसले. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा अडकली, आजूबाजूला धूर, कांद्याचा ट्रक, कुणीतरी कुणाला शिव्या देतंय. आणि मला आनंद झाला. अगदी स्पष्ट सांगते, आनंद झाला. आषाढानंतर मला धड काही वाटलं ते हे, की किल्ली आता माझ्याकडेच राहणार. मी नाही म्हटलं असं नाही, वाईटपणाही नाही. चालतच नाही तर काय करणार? पर्स छातीशी धरून मी घरी आले.

सुनेला फोन केला तेव्हा माझा आवाज चांगला गोड झाला होता, माझा मलाच ऐकू आला. तिला सगळं सांगितलं. पूजा, पाणी, पंचामृत.

"त्याला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"त्यालाच तर फोटो पाठवायची मी."

"मला कधी बोलला नाही." मग परत तो एका पट्टीतला आवाज. "ठीक आहे आई. मी माझी देते."

"कंपनीकडून नवीन नाही का करून मिळत?" विचारायला हवं म्हणून मी विचारलं.

"मिळते. पण जहाजाच्या आधी नाही मिळणार. राहू द्या. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना रोज?"

मी हो म्हटलं. किल्ली परत मधल्या खिळ्यावर अडकवली.

गाडी द्यायच्या दिवशी तिनं यार्डातून ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. मी बघायला गेले नाही. ओट्याशी उभी राहून ऐकत होते. "केवढं मैदान आहे गं हे!" हे म्हणत होते. "सगळ्या आपल्यासारख्याच दिसतात. आपली कुठली?" "बाबा, ही. नाही, थांबा. नंबरप्लेट काढल्यात ना. ही." हे म्हणाले, "बरं, बरं. छान ठेवलीय." मग त्यांनी फोन बंद केला आणि खाली फेऱ्या मारायला गेले.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला.

"आई." नुसता श्वास.

"दिलीस का?"

"दिली. त्या माणसानं काचेवर खडूनं नंबर लिहिला. चावी घेतली आणि एका प्लॅस्टिकच्या टबात टाकली. सगळ्या गाड्यांच्या चाव्या त्यात. मी बघत होते, आई. नीट बघत होते. पण टाकल्यावर त्यातली त्याची कुठली तेच मला ओळखू येईना."

आणि ती रडायला लागली. तो एका पट्टीतला आवाज पार मोडून पडला. तोंड उघडून, हुंदके देत, नाक ओढत रडत होती. मागे गाड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं, तिला त्याची शुद्ध नव्हती.

"मी ती हातात धरून झोपायचे, आई. त्या दिवसापासून रोज. ती हातात असली की झोप लागायची. आता हातात काय धरू? माझी मूठच मिटत नाहीये."

मी खाली बसले. स्टूल होतं, पण मी फरशीवरच बसले. मला रडू आलं नाही, ते अजूनही आलेलं नाही. पण तिचं ते रडणं मला दुखलं. इतक्या महिन्यांत मला काही म्हणजे काही दुखलं नव्हतं, आणि हे थेट छातीत दुखलं. ही पोर एवढ्या लांब, परक्या माणसांत, गाड्यांच्या मैदानात एकटी उभी आहे. ज्या किल्लीवर त्याचा शेवटचा हात लागला ती तिनं न कुरकुरता देऊन टाकली. आणि मी इथे एक मेलेली किल्ली सांभाळून खूश होऊन बसले आहे. लाज वाटली मला. तीसुद्धा चांगली सणसणीत वाटली.

"रड," मी म्हटलं. "मी आहे फोनवर. किती रडायचं तेवढं रड."

ती रडत राहिली. मी फोन कानाला धरून बसले होते. हे फेऱ्या मारून आले, मला फरशीवर बघून घाबरले. मी हातानं खूण केली, काही नाही, बसा.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या वेळेला मी किल्ली काढली. फटीतलं कुंकू पुसावं असं वाटलं, मग नाही पुसलं. रुमालात गुंडाळली आणि कुरिअरवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, "आत काय आहे?"

"किल्ली."

"कशाची?"

"गाडीची."

"आणि गाडी?"

"गेली," मी म्हटलं. त्यानं काय लिहायचं ते लिहिलं.

घरी येऊन सुनेला फोन केला. "अगं, तुला पाठवलीय ती."

तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "आई, पण ती तर चालत नाही ना? आणि आता गाडीपण..."

"चालत नाही, माहितीय. गाडी नाही, तेही माहितीय. मी तरी इतकी वर्षं तिनं काय चालवलं गं? हातात धरायची असते ती. धर."